डाव्या बाजूची लोकर

खोगीर दुरुस्तीच्या आपल्या दुकानात, टेबलावर मास्तरांचं खोगीर आडवं ठेवून तिने मोजायला सुरुवात केली. तुटलेले टाके तेवीस. बैठकीच्या चामड्याला डावीकडे अकरा सेंटिमीटरची चीर. उंदराच्या दातांच्या खुणा दोन ठिकाणी, दोन्ही चिरेलगत. रिकिबीचा पट्टा अडकवायची एक कडी ढिली. हे सगळं वहीत उतरवल्यावर तिने खोगिराचं मागचं टोक पोटाशी टेकवलं आणि पुढचं दोन्ही हातांनी जोरात ओढलं. आतलं लाकूड करकरलं नाही, वाकलंही नाही.

"सांगाडा शाबूत आहे," ती म्हणाली.

"ऐकलंस?" मास्तर बायकोकडे वळले. "अगदी माझ्यासारखा."

"तुमच्या खुब्यात दोन स्क्रू आहेत," काकू म्हणाल्या. "मी म्हणते, नवंच घ्या."

"नव्या खोगिराला माझी बैठक समजेपर्यंत मी वर पोहोचलेलो असेन."

मास्तर चाळीस वर्षं मुलांना घोड्यावर बसायला शिकवत होते. चार वर्षांपूर्वी पडून त्यांचा डावा खुबा मोडला, तरी सहा महिन्यांत ते पुन्हा स्वार झाले. पाठ अजून ओळंब्यासारखी सरळ आहे, आणि ज्या दिवशी बैठक वाकडी होईल त्या दिवशी आपण खाली उतरणार, मुलांना वाकडं शिकवायचं पाप नको, हे त्यांनी सकाळपासून तिला दोनदा ऐकवलं होतं.

"बैठक उघडावी लागेल," ती म्हणाली.

"वरून शिवलं तर नाही चालणार?" काकूंनी विचारलं.

"आतून ठिगळ लावल्याशिवाय टाका धरणार नाही, काकू."

"मग राहू दे. उगीच कशाला उसवाउसवी." काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. पुन्हा सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"उघड गं तू," मास्तर म्हणाले. "हिला दाढ काढतानासुद्धा असंच होतं. मी घोड्याला पाणी दाखवून येतो." डावा पाय किंचित ओढत ते अंगणात गेले.

तिने शिवण उसवली आणि चामडं मागे दुमडलं. उजवीकडे कारखान्यात घातलेली करड्या नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, घडी होती. डावीकडेही तशीच घडी होती, पण तिच्यावर निळ्या विणलेल्या लोकरीचे तीन थर होते. कडेने पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, जवळजवळ घातलेले टाके. शर्टाचं बटण लावतात तो दोरा. निळ्या लोकरीचा एक कोपरा उंदराने दोऱ्यासकट कुरतडला होता.

काकू दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "स्वेटरची बाही आहे. ऑपरेशननंतर ते डावीकडे कलायचे. त्यांना कळत नव्हतं, मला कुंपणाबाहेरून दिसायचं. खोगिराला ऊन दाखवते म्हणून घरी आणलं, आणि बैठक उसवून बाही आत शिवली. त्यांना कळलं तर उतरतील गं. आणि उतरून करतील काय? दिवसभर मलाच शिकवतील, पाठ ताठ ठेव म्हणून."

ती हसली. मग पट्टी लावून तिने निळे थर मोजले. "पाच मिलिमीटर. घातलेत तेव्हा किती होते?"

"मोजून कोण घालतं? बोटाएवढे होते."

"दबून बसलेत. हल्ली पुन्हा कलतात का?"

काकूंनी होकाराची मान हलवली. "दिवाळं निघालंय त्या बाहीचं. मी दुसरी बाही घालणार होते, तेवढ्यात हा उंदीर."

"घोड्याच्या पाठीला काही?"

"नाही गं. रोज हात फिरवून बघते मी. खोगिराखालच्या गाद्यांना हातच लावला नाही. घोड्याशी कसली लबाडी करायची?"

बाहेर पावलं वाजली. तिने चामडं पुन्हा खाली ओढून त्यावर हात ठेवला. मास्तर आत आले. "अगं, जरा जा. तो बादलीला तोंड लावत नाहीये. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतो तो?"

काकू गेल्या. मास्तरांनी खोगिराकडे न बघता भिंतीवरचे पट्टे निरखले, एकाचं बक्कल उघडून बंद केलं.

"लोकर जुनी झाली की बसते ना?"

"बसते, मास्तर."

"मग डावीकडे थोडी जास्त घाल."

तिचा हात चामड्यावरच होता. "म्हणजे तुम्हाला..."

"अगं, साडेतीन वर्षं बसतोय मी त्यावर." त्यांनी बक्कल पुन्हा उघडलं. "पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हा उतरणार होतो. पण ती कुंपणाशी उभी राहून अशी काही बघत होती, की म्हटलं, एक फेरी मारू. चिरेतून तिचा पांढरा दोरा दिसला मला, तो काढू नकोस. शिवल्यावर वरून दिसणार नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

चौथ्या दिवशी दोघं न्यायला आले. तिने खोगीर लाकडी घोडीवर चढवलं होतं. आत डावीकडे नवी लोकर होती, तिच्यावर निळी बाही, आणि कडेने जुनाच दोरा, जिथे कुरतडला होता तिथे गाठ मारलेला. मास्तर स्टुलावरून वर चढले, रिकिबीत पाय घातले आणि समोरच्या खिडकीकडे नजर लावली.

"कशी आहे बैठक?" त्यांनी विचारलं.

"बोलू नका, हलताय," काकू म्हणाल्या.

तिने टेप जमिनीपासून खांद्याच्या हाडापर्यंत वर नेला. वरचं टोक काकूंनी धरलं. आधी डावीकडे, मग मागून फिरून उजवीकडे. वहीत तेवीस टाक्यांच्या नोंदीखाली तिने लिहिलं: डावा खांदा एकशे अडुसष्ट पूर्णांक चार सेंटिमीटर. उजवा एकशे अडुसष्ट पूर्णांक चार.