पहिलं नाव

“आदी वाटा होडीचा, मंग वाटा गड्यांचा!” दांडी गावच्या किनाऱ्यावर मासळीचे ढीग लावताना येसूआत्या गळा काढून म्हणायची. लहानपणी कानात शिरलेल्या त्या हाकेतूनच भाविकाचा लेख उगवला होता. निर्जीव होडीलाही हक्क असतो का, असं त्यात विचारलं होतं. तत्त्वज्ञानाच्या एका नामांकित नियतकालिकाकडे तो आज पाठवायचा होता आणि विभागप्रमुख चुरी सरांना त्यावर आपलं नाव हवं होतं. तेही पहिलं.

बोईसरच्या कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“टाकलंस का नाव? नुसत्या तुझ्या नावावर हा मासळीबाजार कोण छापणार?”

“तिथं नावं झाकूनच लेख तपासतात, सर.”

“मला शिकवतेस? पुढच्या वर्षी तुला तासिका द्यायच्या की नाही, ते मी ठरवतो, विसरू नकोस. आणि फुकटचं मागत नाही मी. ओळन्‌ओळ वाचलीय. तुझा तिसरा भाग तर इतका कच्चा होता की मीच तो मार्गी लावला.”

भाविकाची बोटं कीबोर्डवर थांबली. नोकरी जाण्याच्या भीतीनं आजवर घशात अडकवून ठेवलेला काटा आता तिला गिळवेना. तिनं खुर्ची वळवली.

“सर, तुम्हाला दिलेल्या प्रतीत तिसरा भाग नव्हताच. प्रिंट काढताना राहून गेला होता. तुम्ही कधी विचारताय, याची मी वाट बघत होते.”