सबनिसांच्या दारावरून उतरलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लिहून पुसायची शाळेतली पाटी नव्हे, ती तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलीही नसेल. मी दारावरची पाटी. पितळेची, वीतभर लांब, चार बोटे उंच. माझ्यावर दोनच ओळी आहेत. वर ‘देवयानी व अनुप’ आणि खाली ‘सबनीस’.

माझा जन्म पुण्याला कसबा पेठेतल्या एका बोळात झाला. कारागिराने माझ्या अंगावर अक्षरे कोरली, खाचांत काळा रंग भरला आणि मला कागदात गुंडाळून देवयानीच्या हातात दिले. तेव्हा अनुप म्हणाला होता, “खाली इंग्लिशमध्ये पण हवं होतं का गं? तिकडचा पोस्टमन वाचणार कसा?”

“त्याला घराचा नंबर वाचता येतो. नाव आपल्यासाठी आहे,” देवयानी म्हणाली.

मग मी तिच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये बसून इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आले. लाल विटांचे, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेले घर होते ते. नुकतेच विकत घेतलेले. अनुपने भिंतीला भोके पाडून मला दाराशेजारी बसवले, रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिले, परत येऊन किंचित सरळ केले आणि पुन्हा पलीकडे जाऊन पाहिले.

ते दिवस माझ्या मानाचे होते. देवयानी मला चिंचेने घासून लखलखीत ठेवी. शेजारच्या मिसेस हॉब्स येताजाता थांबत आणि ‘किती सुंदर नक्षी’ म्हणत. मी नक्षी नाही, नाव आहे, हे त्यांना बरेच उशिरा कळले. त्यांची मुलगी अन्वी बोलायला लागली तेव्हा अनुप तिला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभा राही. तिचे इवले बोट धरून माझ्या खाचांतून फिरवी. ‘स’ आणि ‘ब’ ती माझ्या अंगावरच शिकली.

अनुप विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून शीळ घालत बाहेर पडायचा. पुढे तो या देशाचा नागरिक झाला, पासपोर्टही बदलला. माणूस चांगला होता, पण एक गोष्ट सांगायला हवी. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांविषयी तो दारात उभा राहून पाहुण्यांशी बरेच काही बोलायचा. “आपण राबायचं, टॅक्स भरायचा आणि हे लोक घरी बसून खाणार,” असे म्हणायचा आणि पाहुणेही माना डोलवायचे. मी बाहेरच असल्यामुळे निरोपाची अशी सगळी बोलणी माझ्या कानावर येत.

मग एका वसंतात कंपनीने अनुपचा अख्खा विभाग बंद केला. शीळ थांबली. सुरुवातीला तो म्हणायचा, “दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल.” मुलाखतींना जाताना मला हात लावून जायचा, देवाला लावावा तसा. परत आला की देवयानी दार उघडायची आणि तिने काही विचारण्याआधीच तो मान हलवायचा. कुठे त्याचा अनुभव फार होता, कुठे तो हव्या त्या प्रकारचा नव्हता. देवयानी एका शाळेत अर्धवेळ काम करायची, तिच्या पगारात तिघांचे कसेबसे भागते असे ती हसून म्हणायची. ते खरे नव्हते. साठवलेले संपत आले होते.

एका संध्याकाळी फिरून येऊन दोघे दाराशी थांबले. किल्ली अनुपच्या हातात होती, पण तो दार उघडेना.

“आज तो सरकारी मदतीचा अर्ज भरून टाकू, अनुप,” देवयानी म्हणाली.

“हळू बोल. मिसेस हॉब्स बागेत आहेत.”

“त्यांना मराठी येत नाही.”

“बेनिफिटवर राहायचं म्हणजे…” तो थांबला. “मी लोकांना काय काय बोललोय, तू ऐकलंयस ना?”

“ऐकलंय. इतकी वर्षं तू टॅक्स भरलास. अडीनडीला मिळावं म्हणूनच असतं ना ते?”

“दुसऱ्या कुणाला मी हेच सांगितलं असतं गं. स्वतःला सांगता येत नाही.”

अर्ज भरला गेला. तेव्हापासून दर पंधरवड्याला अनुप जॉबसेंटरमध्ये, म्हणजे बेकारांसाठीच्या सरकारी ऑफिसात, जाऊ लागला. जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचा, रिकामी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावायचा आणि मिसेस हॉब्सना “ऑफिस!” असे ओरडून सांगायचा. कोणी विचारलेही नसे. माझ्याकडे मात्र तो आता बघत नसे. मला घासायचेही राहून गेले. पावसाने माझ्यावर हिरवट डाग पडले. नाव तेच, पण त्या नावाने हाक मारलेली त्या माणसाला सहन होत नव्हती.

सरकारी मदतीत पोट भरत होते, घराचा हप्ता भागत नव्हता. शेवटी घर विकायचे ठरले.

एजंट म्हणून टाय लावलेला एक तरतरीत तरुण आला. त्याने घरभर फिरून काय काय काढायचे ते सांगितले. भिंतीवरचे फोटो, जिन्याखालच्या चपला, खिडकीतली तुळस. जाता जाता त्याने मला पाहिले. “आणि हेही काढा. बघायला येणाऱ्याला हे घर आपलं वाटलं पाहिजे, दुसऱ्याचं नाही.” मग त्याने विचारले, “विकण्याचं कारण काय सांगू?”

अनुप म्हणाला, “नोकरीसाठी एडिनबराला चाललोय, असं सांगा.”

त्यानेच स्क्रू फिरवून मला उतरवले. मित्रांनो, त्या वेळी मला जी लाज वाटली ती कशी सांगू! मी चोरी केली नव्हती, त्यानेही केली नव्हती. तरीही त्याने मला शर्टाखाली झाकून आत नेले, रस्त्यावरून कोणी पाहील म्हणून. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर, हातमोज्यांच्या टोपलीमागे माझी जागा झाली.

आता पुढचे ऐका. मी दारावर असते तर ते घडलेच नसते.

एका शनिवारी एक जोडपे घर बघायला यायचे होते. एजंट ट्रॅफिकमध्ये अडकला, म्हणून बेल वाजल्यावर अनुपनेच दार उघडले.

“अनुपदादा! तुम्ही? हे तुमचं घर आहे?”

तो सुयश होता. काही वर्षांपूर्वी अनुपच्या हाताखाली शिकलेला, मग लंडनजवळ क्रॉयडनला गेलेला आणि आता नवीन नोकरी घेऊन ब्रिस्टलला परतलेला. घरी तो कधी आला नव्हता. सोबत त्याची बायको वरदा होती.

“अहो, दारावर नाव असतं तर आधीच कळलं असतं,” सुयश हसत म्हणाला. “एजंट म्हणाला, मालक एडिनबराला शिफ्ट होतायत. म्हणजे तुम्हीच! काँग्रॅट्स दादा! कुठली कंपनी?”

“आहे एक. अजून तसं… जाहीर करायचं नाहीये,” अनुप म्हणाला.

“आणि अन्वीची शाळा?” वरदाने विचारले.

अन्वी तेव्हा जिन्यावर बसलेली होती. बारा वर्षांची झाली होती. “बाबा, आपण एडिनबराला जाते?” ती म्हणाली. “मला कोणी सांगितला नाही.”

मग अनुप हसला. असे हसणे मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. “सरप्राइज होतं बेटा.”

जोडपे घर बघून गेले. दार लागल्यावर अन्वी खाली आली.

“इट्स नॉट ट्रू, इज इट? तू खोटा बोलला.”

“हो.”

“व्हाय?”

“मला लाज वाटते, अन्वी.”

“पण काय केला तू?”

तो तिथेच कपाटाला टेकून खाली बसला. त्याचा खांदा माझ्यापासून बोटभर अंतरावर होता.

सुयश-वरदाला घर आवडले. कंपनीच दादांचा शिफ्टिंगचा खर्च उचलत असणार, अशा हिशेबाने सुयशने एजंटमार्फत चांगलीच घासाघीस केली. अनुपला नाही म्हणता येईना, कारण आता नाही म्हणायचे तर काय कारण द्यायचे? त्यात सुयशने कौतुकाने मराठी मंडळाच्या ग्रुपवर ही बातमी टाकली. अभिनंदनाचे फोन सुरू झाले. अनुप पॅसेजमध्ये येरझारा घालत “थँक यू, थँक यू” म्हणत राही आणि फोन ठेवला की भिंतीला कपाळ टेकवी. देवयानी एकदा म्हणाली, “किती दिवस असं करणार आहेस?” तो म्हणाला, “आपण गेलो की विसरतील सगळे.” “कुठे गेलो की?” तिने विचारले.

मग एक दिवस पुन्हा बेल वाजली. पडद्यांची मापे घ्यायला सुयश आणि वरदा आले होते. वरदाच्या हातात भलेमोठे गाठोडे होते.

“मंडळाकडून,” ती म्हणाली. “सगळ्यांनी मिळून घेतलंय. एडिनबराच्या थंडीसाठी, खास लोकरीचं ब्लँकेट. सुचेताकाकूंनी स्वतः निवडलं.”

तिने ते पुढे केले. अनुपने हात पुढे केले आणि तसेच थांबवले. मी वाट पाहत होते. जिन्यावर अन्वीही होती.

“हे मला घेता येणार नाही,” अनुप म्हणाला.

“अहो, संकोच कसला दादा—”

“सुयश, मी एडिनबराला जात नाहीये. मला नोकरी नाही. वर्ष होत आलं. मी जॉबसेंटरमध्ये जातो, आम्ही बेनिफिटवर आहोत. घर ठेवणं जमत नाही म्हणून विकतोय.” एवढे तो एका दमात बोलला आणि मग हळूच म्हणाला, “तुमच्याशी खोटं बोललो. पोरीसमोर बोललो.”

सुयशच्या हातातली मोजपट्टी सर्रकन आत गेली. तो खाली बघत म्हणाला, “दादा, आणि मी तुमच्याशी घासाघीस करत बसलो… आता लोन त्याच आकड्याला मंजूर झालंय. आमच्याकडे वर घालायला काही नाही.”

“तुझी काही चूक नाही.”

तेव्हा वरदाने ते गाठोडे उचलून सरळ चपलांच्या कपाटावर, माझ्या शेजारी ठेवले. “ब्रिस्टलमध्येही थंडी पडते,” ती म्हणाली. “आणि आम्हाला लगेच यायचं नाहीये. अन्वीची टर्म संपू दे. तोवर आम्ही थांबू. थांबू ना रे सुयश?”

“हो, हो. अर्थात.”

त्यांच्या मागे दार लागल्यावर अन्वी खाली आली. तिने बाबाला मिठी मारली नाही. त्याच्या शेजारी उभी राहून गाठोड्याची गाठ सोडायला लागली.

टर्म संपल्यावर आम्ही एका दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. इथल्या मालकाने भिंतीला भोक पाडायला मनाई केली आहे. म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, भांड्यांच्या साबणाशेजारी उभी असते. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्पीकरवरचा एक फोन ऐकला. पुण्याच्या एका चुलतभावाचा. ‘घराचे आलेले पैसे तात्पुरते माझ्या नावावर टाक, म्हणजे तुझी मदत चालू राहील,’ असे तो आपुलकीने सुचवत होता. अनुप म्हणाला, “नको रे. लपवून लपवून दमलोय मी.” आणि लगेच त्याने सरकारी ऑफिसला फोन लावला, बराच वेळ वाट पाहिली आणि घर विकल्याचे, पैसे आल्याचे स्वतः सांगितले. पलीकडून एका बाईने शांतपणे सांगितले की खात्यात एवढे पैसे असताना यापुढे मदत बंद होईल. “थँक यू,” तो म्हणाला. मदत घेताना त्याने हे दोन शब्द कधी मोकळेपणाने म्हटले नसावेत, कारण फोन ठेवून तो काही वेळ नळ सोडून नुसता उभा राहिला.

लाज एका दिवसात जात नाही, मित्रांनो. सुयशने वास्तुशांतीचे बोलावणे केले तेव्हा अनुप जायला तयार नव्हता. आपल्याच घरात पाहुणा म्हणून, सगळ्या मंडळासमोर! देवयानीने साडी नेसली आणि म्हणाली, “मी आणि अन्वी जातोय. तुला यायचं तर ये.” तो गेला.

परत आल्यावर तिघेही स्वयंपाकघरात बसले आणि देवयानीने चहा टाकला.

“सुचेताकाकूंनी एडिनबराचं विचारलं तेव्हा सुयश सावरून घेत होता,” ती म्हणाली. “तू कशाला मध्येच खरं सांगून टाकलंस?”

“कारण त्याने माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतं.”

“सगळे एकदम सायलेंट झाली,” अन्वी म्हणाली. “सो ऑक्वर्ड. मग वरदामावशी बोलली, पानं मांडले आहे, चला.”

“झाले,” अनुपने दुरुस्त केले. “सायलेंट झाले.” आणि तो हसला. मग हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा देवयानीने गॅस बारीक केला आणि अन्वीने बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

आता अनुप लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत जातो. पगार पूर्वीच्या निम्मा आहे. तो अजून शीळ घालत नाही. जॉबसेंटरवरून बस जाते तेव्हा आपण दुसरीकडे बघतो, असे त्यानेच परवा देवयानीला सांगितले.

माझे काय? पितळ काळवंडते, घासले की पुन्हा उजळते. माझी फारशी काळजी करू नका. काळजी माणसांची करा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या दारावरची पाटी उतरलेली दिसली, तर आत राहणाऱ्याला “कुठे निघालात?” असे लगेच विचारू नका. “कसे आहात?” असे विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर घाई करू नका. दारात थोडे उभे राहा.