उतरलेला पहारा

जहाजावरून घरी आला की नौशाद मणियार पहिले दोन दिवस नुसता झोपायचा. शहनाजला ते ठाऊक होतं. ती पडदे ओढून घ्यायची आणि फलकला बजावून ठेवायची, अब्बूंशी आत्ता काही बोलू नकोस. नाशिकमधल्या सातपूरच्या त्या गल्लीत घरटी एक माणूस शिफ्टला जाणारा, त्यामुळे दिवसाढवळ्या झोपलेल्या माणसाचं कुणाला नवल नव्हतं.

तोफखान्यात सतरा वर्षं काढून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला होता आणि गेली सहा वर्षं व्यापारी जहाजांवर बंदूक घेऊन पहारा करत होता. चाच्यांचं भय असलेल्या पट्ट्यात जहाज शिरलं की चौघांची त्यांची तुकडी चढायची, पट्टा संपला की उतरायची. शेजारपाजारच्यांना वाटायचं, तिकडे रोज गोळीबार होत असणार. सहा वर्षांत त्याने दोनदा गोळी झाडली होती, दोन्ही वेळा पाण्यात, नुसता इशारा म्हणून. बाकी सगळी नोकरी म्हणजे चार तास दुर्बिणीतून पाणी बघायचं, आठ तास पडून राहायचं आणि पुन्हा चार तास पाणी. डोळ्यांत मीठ जाऊन जाऊन पापण्यांच्या कडा कायमच्या लाल झाल्या होत्या. यंदा तर सलग एकाहत्तर दिवस झाले होते. एका जहाजावरून उतरायचं, शस्त्रं ठेवायला भर समुद्रात नांगरलेल्या जुनाट जहाजावर पाच-सहा दिवस काढायचे, की पुढचं जहाज आलंच.

रमजानच्या दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मोबाइलवर पहारेकऱ्यांच्या ग्रुपमध्ये बातमी आली. ज्या जहाजावरून तो सर्वात शेवटी उतरला होता, तांदूळ भरून आफ्रिकेला निघालेलं, ते चाच्यांनी धरलं होतं. तुकडी उतरल्यानंतर चौथ्या दिवशी. बावीस माणसं होती वर.

शहनाजने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला आणि मोबाइल उशीखाली सरकवून पडून राहिला. त्या दिवशी मात्र त्याला झोप लागली नाही.

आठवड्याने, दुपारी तीनच्या सुमारास, एक बाई पत्ता विचारत दारात आली. तिशीची, काळीसावळी, खांद्याला कापडी पिशवी. विंचूरहून एसटीने निमाणीला उतरून तिथून सिटी बसने आली होती. तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि त्यावरचा फोटो पुढे धरला. जहाजाच्या स्वयंपाकघरात पांढरा ॲप्रन घातलेला चंदर दरेकर आणि त्याच्या शेजारी नौशाद, दोघेही हसत होते.

"मी मैना. ह्यांची बायको," ती म्हणाली. "त्यांनी लिव्हलं व्हतं, आपल्या नाशकाचा मानूस भेटला म्हनून. सातपूरला मणियार फौजी कोन, असं इचारत आले."

नौशादने तिला आत बसवलं. शहनाजचा रोजा होता, तरी तिने चहा टाकला आणि मैनाला आग्रहाने प्यायला लावला.

चंदर जहाजावर कुक होता. ओळख झाल्यावर पहिल्याच दिवशी त्याने एक तवा आणि एक कढई घासूनपुसून वेगळी काढली. "फौजीसाहेब, ह्यात डुकराचं कधीच पडणार नाय, बिनघोर जेवा," असं म्हणाला. रात्रपाळी संपवून नौशाद खाली आला की त्या तव्यावर त्याच्यासाठी गरम भाकरी टाकायचा. कांदा मात्र जहाजावरचा गोड लागतो म्हणून रोज कुरकुर करायचा.

नौशाद हे सांगत होता ते सगळं मैनाने ऐकून घेतलं. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. जहाजावर लपायला खोली असते ती कुठे? तिचं दार आतून लागतं का? स्वयंपाकघरापासून किती लांब? नौशादने एका जुन्या वहीच्या कागदावर जहाज काढून दाखवलं. खाली, सुकाणूच्या यंत्रापाशी ती पोलादी खोली, त्यात पाण्याचे कॅन, बिस्किटं. स्वयंपाकघरातून तीन जिने उतरायचे.

"तीन जिनं," ती म्हणाली. "त्यांचा गुडघा दुखतो."

कागदाची घडी घालून तिने ती पिशवीत ठेवली. जाताना दारात थांबून तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही मधीच का उतरले?"

"पट्टा संपला होता ताई. नकाशावर रेघ असते. त्या रेघेपुढे मालक पहारा ठेवत नाहीत."

ते खरंच होतं. मैनाने मान हलवली आणि गेली.

मग ती येतच राहिली. कधी दहा दिवसांनी, कधी पंधरा. चंदरला नोकरीवर चढवणाऱ्या एजन्सीचं ऑफिस बेलापूरला होतं. तिथून फोन आला की ती नौशादला लावायची, कारण फोनवरच्या माणसाचं अर्धं बोलणं इंग्रजीत. "बोलणी चालू आहेत," एवढाच त्याचा मथितार्थ असायचा. ईद झाली, फलकचा बारावीचा निकाल लागला, बोलणी चालूच होती. एकदा एजन्सीने फोन जोडून चंदरचा आवाज ऐकवला तिला, अर्धा मिनिट. "मी बरा हाय, सैपाक करतोय," म्हणाला आणि फोन बंद झाला. तेव्हापासून ती नौशादला विचारायची, जहाजावर किती दिवसांचं पाणी असतं, पीठ किती दिवस टिकतं, डिझेल संपलं तर फ्रीज बंद पडेल का. त्याला माहीत होतं तेवढं तो सांगायचा. ती आली की त्याचं अंग जड व्हायचं, आणि नाही आली तर दिवसभर कान दाराकडे लागायचे.

मे महिन्यात तो तिला घेऊन बेलापूरला गेला. एजन्सीच्या बाईने त्यांना दोन तास बसवून ठेवलं आणि पुन्हा तेच सांगितलं. परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसली होती. कसारा घाटात इंजीन घुरघुरत होतं, खिडकीतून गरम वारा तोंडावर मारत होता. मैनाने डोळे मिटले होते, पण ती झोपलेली नव्हती. आणि नौशादने ते तिथे सांगून टाकलं. आधी ठरवून ठेवलं होतं असं नाही.

"ताई, उतरायच्या दिवशी पहाटेचा पहारा माझा होता. उजाडताना एक गलबत दिसलं. निळं. मागे दोन पातळ होड्या बांधलेल्या. तासभर आमच्या बरोबरीने चाललं होतं, जवळ नाही, लांबही नाही. आमचा म्होरक्या होता एक ग्रीक माणूस, त्याला दाखवलं. त्याने दुर्बीण लावली आणि मला विचारलं, तू तासभर बघतोयस, तुला काय वाटतं?"

मैनाने डोळे उघडले.

"शंका आहे असं मी म्हणालो असतो तर कॅप्टनने आम्हाला थांबवून घेतलं असतं. अजून आठ दिवस, कदाचित जास्त. मला रमजानला घरी यायचं होतं. एकाहत्तर दिवस झाले होते. मी म्हणालो, मासेमारीचं असेल. पहाऱ्याच्या वहीतही तसंच लिहिलं."

घाट संपला. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"हे तुम्ही मला कशाला सांगितलं?"

नौशाद खिडकीबाहेर बघू लागला.

"तुमचं वझं हलकं झालं आसंल. आता मी ह्याचं काय करू? सासूला सांगू? पोरींला सांगू?" तिचा आवाज चढलेला नव्हता. दिवसभर उन्हात काम केलेलं माणूस बोलतं तशी ती बोलत होती. "आसंल मासेमारीचं. नसंल. मला काय कळतंय त्यातलं."

द्वारका चौकात ती उतरली आणि मागे न बघता विंचूरच्या गाडीकडे गेली.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. जूनमध्ये नौशादच्या कंपनीचा आला. पुढच्या खेपेची तारीख होती, जहाज होतं, तिकीट काढायचं बाकी होतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी नाही येत."

"मेडिकलचा काही प्रॉब्लेम?" पलीकडच्याने विचारलं.

"नाही. थकलोय."

शहनाज भाजी निवडत होती. तिने हातातली गवार खाली ठेवली. सहा वर्षं तिने दर खेपेला त्याला नको जाऊ म्हटलं होतं. "बरं," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या मैनाचं काही कळलं?"

"नाही."

"तुम्ही करा की फोन."

त्याने केला नाही. सातपूरमध्येच एका गिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या गेटवर त्याने नोकरी धरली. तिथे बंदूक नव्हती, एक रजिस्टर आणि शिट्टी होती. ट्रक आला की नंबर लिहायचा, गेला की वेळ टाकायची. कुणाच्या डब्यात बेअरिंग सापडलं तर सुपरवायझरला बोलवायचं. पण उभा राहिला की नजर आपोआप समोरच्या रस्त्याच्या टोकाला जायची आणि तिथेच राहायची. दोन-तीनदा ट्रकवाल्याने हॉर्न मारून त्याला भानावर आणलं.

ऑगस्टच्या शेवटी मैनाचा फोन आला. बोलणी संपली होती, जहाज सुटलं होतं. बावीसच्या बावीस माणसं जिवंत. "आले घरी," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमची आठवन काढत्यात. या एकदा."

सुट्टीच्या दिवशी तो विंचूरला गेला. घर कांदा मार्केटपासून जवळच होतं, पुढे पत्र्याची पडवी. चंदर खाटेवर बसला होता. त्याचे गाल आत गेले होते आणि केस मागून पांढरे झाले होते. नौशादला बघून तो उठला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"लय वाळले फौजीसाहेब तुम्ही," चंदर म्हणाला, आणि दोघंही जरासे हसले.

मैनाने पाणी आणून दिलं आणि आत गेली. चंदर हळूहळू सांगत होता, मध्ये थांबत, कुठूनही सुरू करत. तो त्या पोलादी खोलीपर्यंत पोचलाच नव्हता. गुडघ्याचा प्रश्न आलाच नाही. वरून माणसं आली तेव्हा तो कणीक मळत होता आणि दार उघडं होतं. मग साडेपाच महिने त्याने स्वयंपाकच केला, आपल्या बावीस जणांचा आणि त्यांच्या तीस-चाळीस जणांचा. ते किनाऱ्यावरून बकऱ्या आणायचे, डेकवर कापायचे. आता घरात मटण आणलेलं त्याला चालत नाही, फोडणीचा वास आला की तो बाहेर जाऊन बसतो. गावाजवळच्या वाइन पार्कमधल्या एका कंपनीने कँटीनला बोलावलं होतं, त्याने नाही म्हटलं. मार्केटात कांदा निवडायला जातो सकाळचा, जमेल तेवढा.

"माझ्यावर एक मानूस ठेवला व्हता," तो म्हणाला. "सैपाकघरात तांदळाच्या पोत्यावर बसायचा, मांडीवर बंदूक. वय तुमच्याएवढं. डोळं असेच, लाल. दिवसभर माझ्याकडं बघायचा. त्याला पण कंटाळा आला व्हता, मला कळायचं. एकदा झोपला बसल्या बसल्या. बंदूक खाली पडली. मी उचलून त्याच्या मांडीवर ठिवली."

"का?"

"मग काय करनार? मला कुठं चालवता येती."

नौशादने पाण्याचा पेला खाली ठेवला. एवढे महिने तो जे घोकत आला होता ते त्याने विचारलं. "चंदर, ज्या गलबतावरून ते आले, ते निळं होतं का?"

चंदरने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळावर आठ्या आल्या. "मी खालीच व्हतो. नंतर बाजूला बांधलेलं बघितलं, पन तव्हा दोन-तीन व्हते. एक निळं आसंल. तिकडं बरेच निळे आसत्यात." त्याने नौशादकडे पाहिलं. "मैनाने सांगितलं मला."

"मी म्हणालो असतो तर..."

"तुम्ही ऱ्हायला असता तर गोळी चालली असती. मग ते पळाले असते, नायतर आपलं कोन मेलं असतं. मी इचार केला ह्याचा, साडेपाच महिने टाईम व्हता. कायच कळत नाय." त्याने दुखरा गुडघा चोळला. "फकस्त एक सांगतो. तुम्ही शिडीनं खाली होडीत उतरत व्हता ना, मी वरून हात करत व्हतो. तव्हा मला लय राग आलता. वाटलं, ह्यांच्या मागं मी पन उतरावं. मला पन घरी जायचं व्हतं."

आतून मैनाने चहा आणला. तीही दाराच्या चौकटीला टेकून बसली. मार्केटातून लिलावाचा आवाज येत होता आणि मध्येच ट्रॅक्टर सुरू झाल्याचा. चहा संपला तशी मैना म्हणाली, "भाभीला सांगा, फलकला घेऊन या एकदा. जेवायलाच या. वरन-भात करीन."

नौशादला शिफ्टची घाई नव्हती, तरी दुपारी तीनला तो निघाला. चंदर त्याला स्टँडपर्यंत सोडायला आला. गुडघ्यामुळे तो सावकाश चालत होता, नौशादही त्याच्या चालीने चालला. रस्त्याच्या कडेला कांद्याच्या सुकलेल्या पातींचा ढीग पडला होता, त्याला वळसा घालून दोघं पुढे गेले.

"परत जानार का समुद्रावर?" चंदरने विचारलं.

"नाही."

"मी बी नाय."

नाशिकची गाडी आली. नौशादला मागच्या बाकावर जागा मिळाली. त्याने काचेतून पाहिलं तर चंदर गाडी हलायची वाट न बघता मार्केटच्या भिंतीच्या सावलीसावलीने घराकडे निघाला होता, एक हात भिंतीला लावून.