तुमचं सांडलेलं पेट्रोल मी खातो

मी एक जुना जिवाणू आहे. मित्रांनो, जवळ येऊ नका. तुम्हाला मी आवडणार नाही आणि मलाही तुम्ही आवडत नाही.

पत्ता: बेंगळुरू, पीण्या औद्योगिक क्षेत्र, रघुजींच्या कारखान्यामागची बोअरवेल, दीडशे फूट खाली. इथे उजेड नाही, हवा जवळजवळ नाही. तुम्ही पाच मिनिटांत मराल. मी जगतो. तुम्हाला श्वासाला प्राणवायू लागतो, मला पाण्यात विरघळलेले सल्फेट नावाचे क्षार पुरतात. त्यातून जो वायू सुटतो त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. येऊ दे.

जन्म. आई दुभागली, मी झालो. बारसे नाही.

बालपण. उपाशी.

कामाची वर्षे. ही मात्र लांब आहेत. १९८३ पासून रघुजी यंत्रांचे सुटे भाग पेट्रोलने धुवायचे आणि उरलेले काळे पेट्रोल मागच्या खड्ड्यात ओतायचे. "माती पिऊन टाकते," म्हणायचे. मातीने प्यायले नाही. ते झिरपत माझ्यापर्यंत आले आणि उताराकडे सरकू लागले. उताराला, कुंपणापलीकडे, त्यांच्या थोरल्या बहिणीचे, सकवारबाईंचे घर आहे. सारे घर तिथल्या बोअरचे पाणी पिते. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. ते पोटात जात राहिले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. मधे कोण होते? मी आणि माझी भावंडे. आम्ही ते खाल्ले. तेरा वर्षे, सावकाश. सकवारबाईंचे पाणी स्वच्छ राहिले.

कौतुक. सकवारबाई कुंपणावरून ओरडल्या, "रघू, तुझ्या बोअरचा घाण वास माझ्या स्वयंपाकघरात येतोय! आज सांबारसुद्धा खाववलं नाही."

"अक्का, तुझ्या सांबाराला माझ्या बोअरचं नाव कशाला लावतेस?"

संपले कौतुक.

१९९६ साली श्रीकांत आले. मूळचे पुण्याचे, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. त्यांनी दोन्ही बोअरचे पाणी तपासले.

"रघुजी, हा वास चांगला आहे. खालचे जिवाणू तुमचं पेट्रोल खातायत. त्यांना हात लावू नका. आणि तो खड्डा आजच बंद करा."

"सरी सर, ठीक आहे, खड्डा बंद. पण अक्का डोकं खाते. स्वल्प ब्लीचिंग टाकू काय?"

"स्वल्पच ना? चालेल."

इथे थांबा. पुण्याच्या मराठीत स्वल्प म्हणजे अगदी थोडे. श्रीकांतना वाटले, वर काढलेल्या बादलीत चिमूटभर. बेंगळुरूच्या कानडी बोलण्यात मात्र स्वल्प म्हणजे नुसता नम्रपणा. बसमध्ये 'स्वल्प सरका' म्हणणारा माणूस आख्खे बाक घेतो. रघुजींनी ब्लीचिंग पावडरची पंचवीस किलोची पिशवी थेट बोअरमध्ये उलटी केली.

मी

माझी भा

मेलो. सगळे नाही, पण बोअरच्या आसपासचे जवळजवळ सगळे.

वास गेला. रघुजी खूश, अक्का खूश. अडवायला कोणी उरले नाही, म्हणून तीन महिन्यांत पेट्रोल कुंपणाखालून पलीकडे गेले.

सकवारबाई पाण्याचा तांब्या घेऊन कारखान्यात आल्या. "रघू, वास घे."

रघुजींनी घेतला.

"अंड्याचा आहे?"

"नाही, अक्का."

"मग कसला?"

"माझा."

श्रीकांत धावत आले. पिशवीची गोष्ट ऐकली. "चूक माझीही आहे. किती, ते मी विचारलं नाही. अक्का, हे पाणी पिऊ नका. खालचे जिवाणू पुन्हा वाढेपर्यंत थांबायचं. दोन-तीन वर्षं."

"त्यांना सांगा, लवकर खा म्हणावं."

मला घाई करता येत नाही. उरलेले आम्ही दुभागतो आहोत, खातो आहोत. सकवारबाईंवर प्रेम आहे म्हणून नव्हे, भूक आहे म्हणून. मला जपा असेही मी म्हणणार नाही. मित्रांनो, जमिनीत काहीही ओतण्याआधी एवढेच विचारा, की खाली काय चालले आहे आणि उताराला कोण पाणी पिते.

पेट्रोलचा वास तांब्यात यायच्या आधीच बेंझीन त्या पाण्यात उतरले होते. ते घर ते पाणी किती दिवस प्यायले, हे मला माहीत आहे. मी सांगणार नाही.