पेपरात छापून आलेली ओसाड खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, सलूनमधली. 'ओसाड' हे विशेषण मला मध्यंतरी पेपरवाल्यांनी चिकटवले. तेव्हापासून माझे डोके गरगरते आहे. म्हणजे मान टेकायची उशी गरगरते आहे. डोके मला कुठले!

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी पाय, गोल फिरणारी बैठक आणि वर लाल रेक्झिन. खाणीच्या या गावात मी आले तेव्हा सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी रांग लागत असे. कामगार काळेकुट्ट चेहरे घेऊन बसत आणि उजळून उठत. "आता बायको घरात घेते का बघ!" अशी चेष्टा चाले. मुलांसाठी माझ्या हातांवर आडवी फळी टाकत. फळीवर बसताच मुले भोकाड पसरत. तरीही ते दिवस मला फार आवडायचे.

मग खाण बंद पडली. लोक सामान बांधून निघून गेले. शाळेला, दुकानांना कुलपे लागली. उरले दोघेच, माझे मालक आणि शेजारच्या घरातली त्यांची थोरली बहीण, ताई. दर मंगळवारी ताईंना शहरात दवाखान्यात जावे लागते. त्यासाठी आठवड्यातून एकदा बस येई. गिऱ्हाईक नसले तरी मालक मला रोज पुसत.

एके दिवशी कॅमेरा घेऊन एक मुलगी आली. ओस गावांचे फोटो काढणे हे तिचे काम. ती येणार हे बसच्या ड्रायव्हरने आधीच सांगितले होते. मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला, मला पुसून चकचकीत केले. मुलगी दारात आली आणि हिरमुसली.

"काका, ही फारच स्वच्छ आहे हो. जरा धूळ असती तर..."

मालक गोंधळले. पण पाहुणीला नाही कसे म्हणायचे? त्यांनी रस्त्यावरून ओंजळभर माती आणली आणि माझ्यावर भुरभुरली. चाळीस वर्षे मला पुसणारे तेच हात! मला राग आला की रडू, हे अजून ठरत नाही.

"मस्त! आता जरा बाजूला होता का?"

"हो हो, हा झालो."

मालक भिंतीला चिकटून उभे राहिले. आपली पाळी नंतर येईल असे त्यांना वाटले. ती आलीच नाही.

पुढच्या खेपेला ड्रायव्हरने पेपर आणला. त्यात 'ओसाड खुर्ची' म्हणून माझा मोठा फोटो होता. खरे सांगते, मी त्यात छान दिसत होते. खाली लिहिले होते, 'या गावात आता कुणीही राहत नाही.' त्यानंतरच्या मंगळवारी बस आली नाही. मालकांनी बस कार्यालयात फोन केला.

"गाव रिकामं आहे, असं पेपरात आलंय," साहेब म्हणाले. "राहत असाल तर फोटो पाठवा."

दोन मंगळवार गेले. ताईंचे पाय सुजले. मालकांनी घाबरून त्या मुलीला फोन केला आणि आपला एखादा फोटो मागितला. तिने तीनशे फोटो धुंडाळले. एकातही मालक नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ती गाडी घेऊन आली. आधी ताईंना दवाखान्यात नेऊन आणले. मग त्यांना माझ्यावर बसवले आणि मालकांना म्हणाली, "काका, तुम्ही मागे उभे राहा."

तिने कॅमेरा उचलला मात्र, मालक लगबगीने बाहेर गेले आणि ओंजळ भरून परत आले.

"हे राहिलंच होतं बघ. नुसती खुर्चीवर टाकू, की ताईवर पण?"

मुलीने कॅमेरा खाली घेतला. ताईच कडाडल्या, "अरे, फेक ती माती बाहेर! मी जिवंत आहे अजून!"

तो फोटो कार्यालयात गेला आहे. बसची आम्ही वाट पाहतो आहोत.

मित्रांनो, रिकामी खुर्ची दिसली तर फोटो जरूर काढा. पण आधी "कुणी आहे का?" अशी हाक मारा आणि थोडे थांबा. आमच्या ताईंना दारापर्यंत यायला पाच मिनिटे लागतात.