वाघाचं पांघरूण

आमच्या घरात अंग चोरून चालावं लागतं. सरळ चालायची जागा खोक्यांनी खाल्ली आहे. पलंगांखाली, कपाटांवर, थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत खोकी. सगळं माझ्या नणंदेचं, रबाबचं रुखवत. नवऱ्याचा पत्ता नाही, पण टॉवेल एवढे जमलेत की आमच्या मल्लावी गावातल्या यच्चयावत पुरुषांना एकदम आंघोळीला बसवावं.

रबाबला असियूत शहरात पशुवैद्यकीयला प्रवेश मिळाला. वसतिगृहात पलंग-गादी मिळते, पांघरूण आपलं न्यायचं. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या सासूबाई, हाज्जा इनसाफ, यांनी लेकीची तयारी मांडली: सासऱ्यांचं लष्करातलं कांबळं, मधोमध जोड दिलेली चादर आणि कान तुटलेलं पातेलं.

"हे नेऊ?" रबाब म्हणाली.

"का? तुझ्या बापानं हेच पांघरून सरहद्द राखली."

"मग सरहद्द उंदरांनी कुरतडलेली दिसतेय, आई. पलंगाखाली एवढी नवी पांघरुणं पडलीत, त्यातलं एक..."

"हात लावायचा नाही! ती तुझ्या घरची आहेत."

"माझं घर कुठाय?"

"होईल. तेव्हा तुझी सासू आधी पांघरुणाच्या पिशवीची चेन बघेल, उघडलीय का ते."

रबाब मटकन खाली बसली. "मग मी जातच नाही. खोलीतल्या मुलींसमोर हे अंथरू?"

मी हाज्जाच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर चक्क सुटकेचा भाव आला. उन्हाळाभर बाई याच वाक्याची वाट बघत होत्या.

"नको जाऊस!" त्या म्हणाल्या. "नवरदेव प्रमाणपत्र मागत नाही, फ्रीज मागतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. सरवत पूल बांधणारा इंजिनिअर आहे. दोन्ही काठांवर एकदम उभं राहणं त्याला छान जमतं. टीव्हीवरच्या सामन्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे."

तेवढ्यात माझ्या लेकीच्या, जुमानाच्या मुठीत मला डांबरगोळी दिसली. तोंडात जायच्या आत मी ती हिसकावली. "ही कुठून आली?"

"तिच्याच खोक्यातली," हाज्जा सहज म्हणाल्या. "तिचंही रुखवत सुरू केलंय मी. तू काही करायची नाहीस, पदवीधर बाई!"

माझी पदवी दिवाणखान्यातल्या काचकपाटात आहे, कधी न वापरलेल्या चिनी कपांच्या मागे. आणि माझी मुलगी अजून धड बोलत नाही. मी आमच्या खोलीत गेले. पलंगाखाली खरंच नवं खोकं होतं, वर ठसठशीत अक्षरांत 'जुमाना'. ते मी बाहेर ओढलं आणि स्वयंपाकघरातली सुरी आणून चिकटपट्टी फाडली. आत चेनच्या पिशवीत जाड, मऊ पांघरूण होतं, त्यावर तोंड वासलेला वाघ.

"अगं नशवा! पोटच्या पोरीला लुबाडतेस?"

"तिचंच आहे ना? मग तिची आई उघडतेय."

"उद्या तिच्या सासूला काय सांगशील?"

"जुमाना अजून लंगोटात आहे, हाज्जा. सासूला म्हणावं, थांबा जरा."

पांघरूण मी रबाबच्या मांडीवर टाकलं. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग हळूच चेन चाचपली. "वहिनी, मी जपून वापरीन हं. पुढच्या वर्षी आहे तसं परत..."

या बोलण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. "परत आणलंस तर दारात उभी करणार नाही. त्यावर चहा सांड, लोळून अभ्यास कर, फाटलं तर फेकून दे. पण उद्या गाडीत बस."

ती बसली. सकाळी मायक्रोबसच्या टपावर वाघ साऱ्या गल्लीला दात दाखवत होता. समोरच्या उम्म वगदीनं डोळे विस्फारले, "नवंकोरं दिलंत?"

"मग!" हाज्जा छाती काढून म्हणाल्या. "मीच म्हटलं, उघडा ते खोकं. शिकणाऱ्या लेकीपुढे काय त्या पांघरुणाचं!"

सरवत गालात हसला. गाडी वळली, रबाब आत होती. बाकीचं श्रेय कुणी का घेईना.

दुपारी हाज्जा बाजारातून जुमानासाठी दुसरं पांघरूण घेऊन आल्या, या वेळी मोराचं. त्या नमाजाला बसल्यावर मी चेन उघडली, ते जुमानाच्या खाटेवर पसरलं आणि तिला त्यावर झोपवलं. तासाभरात ती त्यावर मुतली.