न उघडलेलं चाक

नट हलेना, तसा मिस्त्री पान्याच्या दांड्यावर उभाच राहिला. एक पाय दांड्यावर, दुसरा हवेत, हात पिकअपच्या दाराला.

"पडाल," बायको म्हणाली. "म्हणजे भावाला एक डबा आणि नवऱ्याला एक. मी नुसती डबेच पोचवत फिरते."

नट कर्रकन ओरडला आणि सुटला. मिस्त्री पडला नाही.

"बघितलंस? वीस वर्षं हेच करतोय."

वीस वर्षं तो हेच करत होता खरा, पण तिनं ते कधी बघितलं नव्हतं. पहाटे डबा घेऊन जाणारा आणि संध्याकाळी काळे हात घेऊन येणारा, एवढाच नवरा तिला माहीत. आज मात्र ती पायरीवर ठाण मांडून बसली होती. तिचा धाकटा भाऊ नवऱ्याच्याच डेपोत चालक. दहा दिवसांपूर्वी त्याच्या हातात डेपोची माल भरलेली पिकअप होती. उतारावर तिचा ब्रेक लागला नाही. समोर बस थांब्यावर माणसं उभी. त्यानं गाडी गोदामाच्या भिंतीवर घातली. माणसं वाचली, याची मांडी मोडली. तेव्हापासून घरची पिकअप ब्रेक लावताना किंचाळली की ही दाराची कडी घट्ट धरायची. काल तर ती भावाकडून चालत घरी आली. "हे किंचाळणं बंद झाल्याशिवाय मी यात पाय ठेवणार नाही," म्हणाली. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी ही दुरुस्ती.

मिस्त्रीनं मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि चाक काढलं. ब्रेकचे पॅड धरणारा कॅलिपर सोडवून तारेनं वर टांगला.

"टांगता कशाला?"

"नाहीतर सगळं वजन ब्रेक ऑइलच्या नळीवर येतं. नळी फाटली की खेळ खलास."

जुने पॅड निघाले. नव्यावर बोटभर थर असतो, यांच्यावर नखाएवढाही नव्हता. आतल्या पॅडचं तर नुसतं लोखंडच डिस्कवर घासत होतं. मिस्त्रीनं ते तिला न दाखवता पायापाशी ठेवले. ते तिनं बघितलं.

त्यानं क्लॅम्प लावून पिस्टन हळूहळू आत दाबला, ऑइल वर येऊन सांडत नाही ना ते बघितलं, सगळं पुसलं, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले. घाई कुठेच नाही. तान्ह्या मुलाला अंघोळ घालावी तसं चाललं होतं. पहिलं चाक परत चढलं तेव्हा तास होत आला होता.

"एका चाकाला एवढा वेळ लागतो?"

"नीट करायचं तर लागतो."

"आणि बदलायचं नसेल, पॅड उरलाय का एवढंच बघायचं असेल तर?"

"चाक तरी काढावंच लागतं. वीस मिनिटं धर."

मिस्त्री दुसऱ्या बाजूला जाऊन नट ढिले करू लागला.

"अहो, तुम्ही सहाला पोचता डेपोत. गाड्या आठला सुटतात. चाळीस गाड्या."

"मग?"

"मग चाळीस गाड्यांची चाकं दोन तासांत कशी बघता?"

पाना नटावरून सटकला. मिस्त्रीची बोटं सोलली. त्यानं ती तोंडात घातली.

बघायचीच नसत. प्रत्येक गाडीचा एक तक्ता असे. ब्रेक, दिवे, टायर, सगळ्यापुढं 'तपासले' लिहायचं आणि खाली सही ठोकायची. गाडी थांबली की माल थांबतो, माल थांबला की वरून फोन येतो, असं साहेब सांगत. दुसरा मिस्त्री द्या म्हणून यानं तीनदा अर्ज केला, तिन्ही साहेबांच्या चहाच्या कपाखाली गेले. साहेब लोकांची एक खुबी असते. खोटं ते स्वतः कधी लिहीत नाहीत. लिहिणारा हात तेवढा पगारावर ठेवतात. आता त्याच तक्त्याची प्रत जोडून मेहुण्याला पत्र आलं होतं: ब्रेक अपघाताच्या दिवशीच तपासलेले होते, सबब दोष चालकाच्या बेफिकिरीचा. उद्या चौकशी होती. "तुम्ही फक्त सही तुमचीच एवढं सांगा," साहेबांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. आजवर त्या हातानं खांदा कधी शिवला नव्हता.

"चाळीस गाड्या असतात गं," तो म्हणाला.

"मी चाळीसचं नाही विचारत. त्याचं चाक उघडलं होतं का?"

"नाही."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर यालाही ओरडता आलं असतं.

"दुसरं चाक उरका," ती म्हणाली. "मग त्याच्याकडे चला. मला काय सांगताय? त्याला सांगा."

काम उरकल्यावर तिनंच आत बसून पेडल दाबलं. पहिल्यांदा पाय थेट खाली गेला. "दाबत राहा, वर येईल," मिस्त्री म्हणाला. चार-पाच वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झालं. तो गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन ब्रेक लावून आला. मग ती शेजारी बसली. वाटेत गाडी अजिबात ओरडली नाही.

मेहुण्याला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी काडी होता. आता त्याच्याखाली पलंग कुरकुरत होता.

"या भाऊजी. बसा त्या खुर्चीत, पलंगाला आणखी माणूस झेपायचं नाही."

मिस्त्री उभाच राहिला. "तुझ्या गाडीचं चाक मी उघडलं नव्हतं. न बघता सही केली."

बारक्यानं प्लास्टरच्या कडेत पट्टी घालून मांडी खाजवली.

"माहीत आहे मला. चार दिवस घासत होती. तुम्हाला म्हणालो पण होतो. तुम्ही म्हणालात, आठवडाभर ओढ."

बायकोनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस रे कुणाला?" तिनं भावाला विचारलं.

"बोलून काय, ताई? आज मी घरी बसलोय, उद्या हेही बसतील. तुमच्या पोरींच्या शाळा कोण बघणार? साहेब?"

"कागद आहे का?" मिस्त्रीनं विचारलं.

"भाऊजी, राहू द्या. रात्रभर विचार करा."

"रात्री विचार केला तर सकाळी नाही म्हणेन."

बायकोनं दवाखान्याच्या फायलीतून एक कोरा कागद काढून दिला. मिस्त्री आता खुर्चीत बसला. गाडीचा नंबर, तारीख, 'चाक उघडले नाही', 'चालकाने ब्रेकची तक्रार माझ्याकडे केली होती', 'चूक माझी आणि तपासायला वेळ न देणाऱ्यांची', खाली सही. झालं.

पण पेन खाली ठेवलं नाही. सहीखाली त्यानं आणखी एका गाडीचा नंबर लिहिला. मग त्याखाली आणखी एक.

"आता काय लिहिताय?" बायकोनं विचारलं.

"बाकीच्या. त्याही न बघता सकाळी आठला सुटतील."

नंबर त्याला तोंडपाठ होते. बारक्या छताकडे डोळे लावून म्हणाला, "एकतीस सत्तेचाळीस घेतली? ती ब्रेक दाबला की डावीकडे ओढते."

"घेतो."

एक बाजू भरली. मिस्त्रीनं कागद उलटा केला.